जबड्यातील गाठ, पोखरलेली हाडे आणि पॅराथायरॉइड: आधी उपचार कशावर?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही समजेल. तुमच्या ४३ वर्षांच्या मोठ्या बहिणीच्या खालच्या जबड्यावर काही महिन्यांपासून गाठ वाढत होती. दंतवैद्यांनी केलेल्या बायॉप्सीचा अहवाल ‘जायंट सेल लेझन’ असा आला. नंतरच्या स्कॅनमध्ये दोन बरगड्या, कमरेचे हाड आणि डाव्या मांडीचे हाड यांतही पोकळ्या दिसल्या आणि कर्करोग हाडांत पसरला असावा अशी शंका व्यक्त झाली. त्यानंतर रक्त तपासले गेले. कॅल्शियम १२.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, फॉस्फरस १.९, हाडांच्या बांधकामाचा जोर दाखवणारे अल्कलाइन फॉस्फटेज ९६० आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, १,१४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाले. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ठीक आहे. आता तुम्ही विचारता की हा कर्करोग आहे का, जबड्याचे ऑपरेशन आधी करायचे की मानेचे, पोखरलेली हाडे पुन्हा भरतील का, आणि कॅल्शियम वाढलेले असताना दूध बंद करावे का.

मी तुमच्या बहिणीला तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. परंतु हे चार आकडे एकत्र वाचले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मानेतील एखादी पॅराथायरॉइड ग्रंथी बेसुमार हॉर्मोन तयार करत आहे आणि हाडांतील पोकळ्या हा त्याच हॉर्मोनचा परिणाम असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशा पोकळीला ‘ब्राउन ट्यूमर’ म्हणतात. नावात ट्यूमर असला तरी तो कर्करोग नव्हे, आणि एका हाडातून दुसऱ्या हाडात पसरलेलाही नसतो. जबड्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती तूर्त थांबवावी आणि आधी मानेकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. कारणे सांगतो.

पॅराथायरॉइड ग्रंथी बहुतेक माणसांत चार असतात. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या या ग्रंथी प्रत्येकी मसुराच्या दाण्याएवढ्या असतात आणि एकीचे वजन ५० मिलिग्रॅमपर्यंतही क्वचितच जाते. त्यांचे काम एकच आहे, रक्तातील कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर ठेवणे. कॅल्शियम किंचित उतरले की काही सेकंदांत पीटीएच बाहेर पडते. ते मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला आणि फॉस्फेट सोडून द्यायला लावते, ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप वाढवून आतड्यातून कॅल्शियमचे शोषण वाढवते आणि हाडांतूनही कॅल्शियम मोकळे करते. रक्तातले कॅल्शियम पुरेसे झाले की निरोगी ग्रंथी गप्प बसतात. म्हणूनच कॅल्शियम १२.४ असताना पीटीएच जवळजवळ दिसेनासे व्हायला हवे होते. ते सामान्य मर्यादेच्या, म्हणजे साधारण ६५ च्या, सतरापटीहून अधिक आहे. याचा अर्थ ग्रंथी कोणाचेच ऐकत नाही.

हाडांत नेमके काय होते हे समजून घेतले तर उपचारांचा क्रम आपोआप पटतो. हाड ही सतत मोडणारी आणि बांधली जाणारी ऊती आहे. मोडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, बांधणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. पीटीएच थेट मोडणाऱ्या पेशींना हुकूम देत नाही. ते बांधणाऱ्या पेशींवर आणि हाडांत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशींवर काम करते. त्या पेशी रँक-लिगँड नावाचे प्रथिन जास्त आणि त्याला अडवणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी तयार करू लागतात, आणि त्यातून ऑस्टिओक्लास्टची फौज उभी राहते. हे दिवसरात्र, महिनोन्‌महिने चालले की हाडाचे कठीण बाहेरचे कवच आतून-बाहेरून कुरतडले जाते आणि गेलेल्या हाडाच्या जागी रक्तवाहिन्यांनी भरलेली तंतुमय ऊती येते. तिथे बारीक बारीक तडे जाऊन रक्तस्राव होतो, त्या रक्तातील लोह हिमोसिडेरिनच्या रूपात साचते आणि ऊतीला तपकिरी रंग येतो. ब्राउन ट्यूमर म्हणजे हाडाच्या अतिरेकी मोडतोडीची एके ठिकाणी साचलेली जागा. ती मुळात रक्तातील हॉर्मोनमुळे तयार झाली असल्याने हॉर्मोन उतरले की तिचा आधारच जातो. या सगळ्या हाडविकाराला वैद्यकात ‘ऑस्टिआयटिस फायब्रोसा सिस्टिका’ म्हणतात.

पीटीएचचा हा हाडे मोडण्याचा गुण ते सतत चढलेले असतानाच दिसतो. रोज एकदाच, थोड्या वेळापुरते दिलेले टेरिपॅराटाइड, जे पीटीएचचाच एक तुकडा आहे, ते उलट हाड बांधते आणि म्हणून ठिसूळ हाडांवर औषध म्हणून वापरले जाते. हे इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत अशा रुग्णाचे आकडे वाईट येतात आणि कॅल्शियम न तपासताच कोणीतरी ऑस्टिओपोरोसिस समजून हे इंजेक्शन लिहून देण्याचा धोका असतो. पॅराथायरॉइड अतिसक्रिय असताना ते देऊ नये.

हाड आधी की ग्रंथी आधी, हा वाद वैद्यकशास्त्रातही बरीच वर्षे चालला. फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८९१ मध्ये या हाडविकाराचे सविस्तर वर्णन केले, पण त्याचा मानेशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. पुढे शवविच्छेदनात अशा रुग्णांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी सुजलेल्या आढळू लागल्या, तेव्हा व्हिएन्नातील याकोब एर्डहाइम यांच्यासारख्या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाने असे मानले की हाडे आजारी पडतात म्हणून ग्रंथी त्यांच्या मदतीसाठी वाढतात. त्यामुळे १९२५ मध्ये व्हिएन्नाचेच शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांनी हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम कंडक्टरला आधी ग्रंथींचा अर्क दिला, मग दुसऱ्या माणसाची पॅराथायरॉइड ग्रंथीही बसवून पाहिली. उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी मान उघडून वाढलेली ग्रंथी काढली आणि रुग्णाच्या हाडांच्या वेदना कमी झाल्या, हाडे पुन्हा घट्ट होऊ लागली. त्या शस्त्रक्रियेने वादाचा निकाल लावला. शंभर वर्षांनंतरही नेमकी तीच गल्लत रोजच्या व्यवहारात होत राहते, कारण रुग्ण हाडाची गाठ घेऊन येतो आणि सगळ्यांचे लक्ष गाठीकडे जाते.

बायॉप्सीबद्दल तुमच्या मनात जो गोंधळ आहे तो स्वाभाविक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ब्राउन ट्यूमर, जबड्यातील जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि हाडाचा खरा जायंट सेल ट्यूमर यांत इतके साम्य असते की केवळ काचपट्टी पाहून त्यांत फरक करणे अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही शक्य होत नाही. तिन्हींत अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी, तंतुमय ऊती आणि जुना रक्तस्राव दिसतो. फरक पडतो तो रक्ताच्या तपासणीने. म्हणून जायंट सेल असलेला कोणताही अहवाल हातात आला, मग तो जबड्याचा असो की गुडघ्याजवळचा, की कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच पाहिल्याशिवाय कोणत्याही हाडाला हात लावू नये. तपासणी साधी आहे. ती न केल्याची किंमत मात्र कधी अर्धा जबडा असते. खऱ्या जायंट सेल ट्यूमरवर डेनोसुमॅब हे रँक-लिगँडला अडवून हाडांची मोडतोड थांबवणारे इंजेक्शनही दिले जाते. ब्राउन ट्यूमरमध्ये ते चुकून सुरू झाले आणि मागाहून ग्रंथी काढली गेली, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकते.

पसरलेल्या कर्करोगाची शंका आली त्यातही आश्चर्य नाही. ब्राउन ट्यूमर एकाच वेळी अनेक हाडांत असू शकतात. हाडांच्या स्कॅनमध्ये आणि पेट स्कॅनमध्येही ते उजळून दिसतात आणि त्यात कॅल्शियम वाढलेले असले की चित्र कर्करोगाशी तंतोतंत जुळते. पण कर्करोगामुळे किंवा मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगामुळे कॅल्शियम चढले असेल तर पीटीएच दबलेले असते. तुमच्या बहिणीच्या अहवालात ते आकाशाला भिडले आहे. दोन आजार एकाच माणसाला होऊ शकत नाहीत असे नाही. परंतु इथे जबड्याच्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी मिळालेल्या नाहीत, जायंट सेल मिळाल्या आहेत, आणि चारही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

यात आणखी एक साधी गोष्ट मी आवर्जून करायला सांगेन. दोन्ही हातांच्या पंजांचा एक्स-रे काढावा आणि तो मोठा करून तर्जनी व मधल्या बोटाच्या मधल्या पेरांकडे पाहावे. निरोगी पेराची कडा पेन्सिलीने ओढल्यासारखी अखंड असते. या आजारात अंगठ्याकडच्या बाजूची कडा खरबरीत होते, जागोजागी खाल्ल्यासारखी दिसते, आणि बोटांची टोके विरून गेल्यासारखी वाटतात. हाडाच्या आवरणाखालील ही झीज इतकी वैशिष्ट्यपूर्ण आहे की ती दिसली तर अतिसक्रिय पॅराथायरॉइडखेरीज दुसरे कारण शोधण्याची गरज जवळजवळ उरत नाही. कवटीच्या एक्स-रेमध्ये बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसते, कॉलरबोनचे खांद्याकडचे टोक झिजते आणि दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघ नाहीशी होते. ही शेवटची खूण दंतवैद्यांना सर्वांत आधी दिसू शकते. दात हलू लागले म्हणून ते काढून टाकण्याची घाई मात्र करू नये, हाड भरले की त्यांतले काही पुन्हा घट्ट होतात.

आता कारणाकडे. मूत्रपिंड ठीक असताना कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही चढलेले असतील, तर दहापैकी आठ रुग्णांत एकाच ग्रंथीची साधी गाठ, म्हणजे अॅडिनोमा, निघते. काहींत एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतात. पॅराथायरॉइडचा कर्करोग शंभरात एकालाही होत नाही, तरी मी त्याचा उल्लेख टाळणार नाही, कारण हाडांवर एवढा परिणाम झालेला असणे आणि पीटीएच हजाराच्या वर असणे या दोन गोष्टी असल्या की शल्यचिकित्सकाने ती शक्यता मनात ठेवूनच मान उघडावी. मोठा अॅडिनोमाही असे आकडे देतो आणि बहुधा तोच निघेल. पण ग्रंथी आजूबाजूला घट्ट चिकटलेली आढळली, तर तिचे आवरण न फाडता ती अखंड काढणे महत्त्वाचे असते. त्याच कारणाने मानेतील या गाठीत सुई घालून तपासणी करू नये. पेशी सांडण्याचा धोका असतो आणि निदानासाठी तिची गरजही नसते.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील कॅल्शियम वाहून नेणारे प्रथिन, आणि ड जीवनसत्त्व पाहिले आहे का, तेही विचारा. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर प्रत्येक एका ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवावे लागतात, म्हणजे खरे कॅल्शियम अहवालापेक्षा जास्त असू शकते. ड जीवनसत्त्वाची कमतरता या आजारात बऱ्याचदा आढळते आणि तिचे दोन परिणाम होतात. एक, ती पीटीएच आणखी वर ढकलते आणि हाडांचे नुकसान वाढवते. दोन, ती कॅल्शियमला दाबून ठेवते, त्यामुळे हाडे पोखरलेली असतानाही कॅल्शियम फक्त १०.६ किंवा अगदी सामान्य दिसू शकते आणि निदान निसटते. कमतरता शस्त्रक्रियेपूर्वी बेताबेताने, कॅल्शियमवर लक्ष ठेवून भरून काढावी. एकदम मोठा डोस देऊ नये.

निदान पक्के झाल्यावरच ग्रंथी शोधण्याच्या चाचण्या करायच्या असतात. मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी हे किरणोत्सारी औषध टोचून केलेला स्कॅन या नेहमीच्या. त्यांत उत्तर मिळाले नाही तर फोर-डी सीटी किंवा कोलीन पेट. या चाचण्या ग्रंथी कुठे आहे ते सांगतात, आजार आहे की नाही ते सांगत नाहीत. स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून आजार नाही असा निष्कर्ष काढलेला मी वारंवार पाहतो, तो चुकीचा आहे. सेस्टामिबी ब्राउन ट्यूमरमध्येही शोषले जाते, त्यामुळे जबड्यात किंवा बरगडीत ठिपका दिसला तर घाबरू नये. ग्रंथी कधीकधी छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला उतरलेली असते, आणि अशा वेळी आधी काढलेली प्रतिमा फार उपयोगी पडते.

शस्त्रक्रिया हाच या अवस्थेतला खरा उपचार आहे. लक्षणे नसलेल्या रुग्णांत शस्त्रक्रिया करावी की थांबावे यावर वय, कॅल्शियम, मूतखडे, हाडांची घनता असे निकष लावले जातात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ती चर्चा संपलेली आहे, कारण हाडे पोखरली गेली आहेत. पॅराथायरॉइडच्या शस्त्रक्रिया नियमितपणे करणारा शल्यचिकित्सक निवडा, एवढाच आग्रह मी धरेन. पीटीएचचे रक्तातले अर्धायुष्य काही मिनिटांचेच असते. त्यामुळे ग्रंथी काढल्यानंतर दहा मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात ते निम्म्याहून खाली आले का, हे टेबलावरच कळू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हाडांची अवस्था आधी सांगून ठेवा. जबड्यातील गाठीमुळे नळी घालताना काळजी लागते, आणि भूल दिलेल्या रुग्णाला एका बाजूच्या हातापायाने ओढून हलवले तरी असे हाड मोडू शकते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त काळजीचे वाटतात, आणि घरच्यांनीही त्यांची तयारी ठेवावी. मोडतोड घडवणारे हॉर्मोन अचानक थांबते, पण बांधणाऱ्या पेशी कामावरच असतात. रिकामी झालेली हाडे रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगाने ओढून घेऊ लागतात. याला ‘हंग्री बोन सिंड्रोम’ म्हणतात. अल्कलाइन फॉस्फटेज ९६० असणे, ब्राउन ट्यूमर असणे, ड जीवनसत्त्व कमी असणे आणि ग्रंथी मोठी असणे ही सगळी त्याची पूर्वचिन्हे आहेत, म्हणजे तुमच्या बहिणीला तो होईल असे गृहीत धरूनच चालावे. कॅल्शियम बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळाला जाते. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची बोटे आपोआप एकत्र आखडतात, कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो. याकडे दुर्लक्ष झाले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी जाण्याचा आग्रह इथे धरू नये. कॅल्शियम दर सहा ते बारा तासांनी तपासले जावे, शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देण्याची सोय असावी, आणि कॅल्सिट्रायॉल, म्हणजे सक्रिय ड जीवनसत्त्व, व तोंडावाटे कॅल्शियम पहिल्या दिवसापासून सुरू असावे. दिवसाला कित्येक ग्रॅम कॅल्शियम लागणे यात काही विचित्र नाही, आणि ही गरज आठवडे किंवा महिनेही टिकू शकते. मॅग्नेशियम कमी राहिले तर कितीही कॅल्शियम दिले तरी पातळी वर येत नाही, हे लक्षात असू द्यावे. फॉस्फरस उतरलेला दिसला म्हणून तो लगेच भरू नये, कारण तो कॅल्शियमला बांधून आणखी खाली आणतो. तो फारच घसरला तरच द्यावा लागतो.

कॅल्शियम खाली गेल्यावर नातेवाइकांना वाटते की शस्त्रक्रियेत उरलेल्या ग्रंथींना इजा झाली. फरक ओळखता येतो. ग्रंथी बंद पडल्या असतील तर फॉस्फरस चढतो आणि पीटीएच अगदी कमी असते. हाडे ओढून घेत असतील तर फॉस्फरसही उतरलेला असतो, आणि पीटीएच सामान्य किंवा थोडे वर असते. यापुढच्या काही महिन्यांतही कॅल्शियम सामान्य आणि पीटीएच किंचित जास्त असे दिसू शकते. हाडे भरत असल्याची आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ती खूण असते, आजार परतल्याची नव्हे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे आम्ही म्हणतो ते सहा महिन्यांनी कॅल्शियम सामान्य असेल तर.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, हाडे भरतील का. बहुतांश भरतील, आणि ते पाहणे हा या कामातला सर्वांत समाधानाचा भाग आहे. दुखणे काही दिवसांत ते आठवड्यांत कमी होते. अल्कलाइन फॉस्फटेज सुरुवातीला आणखी चढते, कारण बांधकाम जोरात चाललेले असते. त्या चढत्या आकड्याने घाबरून जाऊ नये, तो काही महिन्यांत उतरतो. एक्स-रेमध्ये पोकळीच्या कडा आधी पांढऱ्या, घट्ट होतात आणि मग तिच्या आत हाड भरू लागते. लहान पोकळ्या सहा महिन्यांत ओळखू येणार नाहीत इतक्या भरू शकतात, मोठ्यांना वर्ष-दोन वर्षे लागतात. हाडांची घनता पहिल्याच वर्षात लक्षणीय वाढते. मात्र पोकळीत फक्त द्रव उरला असेल, म्हणजे ती खरी सिस्ट झाली असेल, तर ती पूर्ण भरत नाही, आणि वाकलेले हाड किंवा दबलेला मणका पूर्ववत सरळ होत नाही.

म्हणूनच जबड्याबद्दल माझा सल्ला थांबण्याचा आहे. मानेची शस्त्रक्रिया झाल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी जबड्याचे सीटी किंवा एक्स-रे काढून तुलना करावी. गाठ आकसत असेल तर तिला तिचा वेळ द्यावा. वर्षभराने चेहऱ्याला ठळक फुगवटा राहिला, चावताना अडथळा येत राहिला किंवा गाठ उलट वाढली, तर जबड्याच्या शल्यचिकित्सकांनी तिचा विचार करावा, आणि तेव्हाची शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा बरीच छोटी असेल. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पॅराथायरॉइडच्या गाठी आणि जबड्याच्या गाठी एकत्र देणारा एक आनुवंशिक आजार आहे, ज्यात सीडीसी-७३ या जनुकात दोष असतो. त्यातील जबड्याची गाठ हाडासारखी ऊती बनवणारी फायब्रोमा असते, तिच्यात जायंट सेल नसतात आणि कॅल्शियम सामान्य झाले तरी ती विरत नाही. तुमच्या बहिणीच्या तुकड्यात जायंट सेल आहेत, ही त्या शक्यतेविरुद्धची गोष्ट आहे. तरी काचपट्ट्या जपून ठेवा आणि गरज पडल्यास दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

थांबण्याचा सल्ला मांडीच्या हाडाला लागू पडेलच असे नाही. भार पेलणाऱ्या हाडात कवचाचा निम्म्याहून जास्त भाग खाल्ला गेला असेल किंवा पाऊल टाकताना तिथे दुखत असेल, तर ते मोडण्याची वाट पाहू नये. अस्थिरोगतज्ज्ञांनी आताच पाहावे, आणि तोपर्यंत कुबड्या वापराव्यात. कधी मानेच्या शस्त्रक्रियेआधी, तर कधी त्याच भुलेत आतून सळई घालून हाडाला आधार दिला जातो. मणक्यातील गाठीने मज्जारज्जू दाबला जात असेल, पायांतली शक्ती जाऊ लागली असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर ती तातडीची शस्त्रक्रिया असते आणि तिथे हॉर्मोन उतरण्याची प्रतीक्षा परवडत नाही.

दूध बंद करू नका. वाढलेले कॅल्शियम अन्नातून आलेले नाही, हाडांतून आलेले आहे. आहारातले कॅल्शियम तोडले तर ग्रंथीला आणखी हॉर्मोन सोडण्याचे निमित्त मिळते आणि ती वसुलीही हाडांतूनच होते. सामान्य, नेहमीचा आहार ठेवावा. स्वतःहून घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र शस्त्रक्रियेपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पाणी भरपूर प्यावे, कारण शरीर कोरडे पडले की कॅल्शियम झपाट्याने चढते. रक्तदाबासाठी थायझाइड गटातील गोळी किंवा मानसिक आजारासाठी लिथियम सुरू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण दोन्ही कॅल्शियम वाढवतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगावे. पीटीएच मोजण्याच्या काही पद्धतींत त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. उलट्या, जुलाब, गुंगी किंवा बरळणे सुरू झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कॅल्शियम १४ च्या पुढे गेलेले असू शकते आणि तेव्हा शिरेतून सलाइन व कॅल्शियम उतरवणारी औषधे लागतात.

हाच हाडविकार दीर्घकाळ मूत्रपिंड निकामी असलेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांतही होतो, आणि तिथे मात्र क्रम वेगळा असतो. फॉस्फरस साचतो, सक्रिय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम उतरते आणि चारही ग्रंथी नाइलाजाने वाढतात. उपचारांची सुरुवात फॉस्फरस आवरणे, कॅल्सिट्रायॉल आणि पीटीएच उतरवणारी सिनाकॅल्सेटची गोळी यांनी होते. औषधांना दाद मिळाली नाही तर साडेतीन ग्रंथी काढतात किंवा चारही काढून एकीचा तुकडा हाताच्या स्नायूत बसवतात. डायलिसिसवरच्या ज्या वाचकांच्या अहवालात पीटीएच हजाराच्या घरात आहे, त्यांनी वरचा मजकूर आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये.

शेवटी तुमच्याबद्दल आणि इतर भावंडांबद्दल. बहिणीचे वय फार नाही आणि आजार तीव्र आहे, म्हणून जनुकीय तपासणीबद्दल त्यांच्या एंडोक्रायनोलॉजिस्टशी, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञाशी, बोला. घरात कोणाला मूतखडे, मानेच्या ग्रंथींची शस्त्रक्रिया, पिट्युटरीची किंवा स्वादुपिंडाची गाठ झाली होती का, हेही त्यांना सांगा. जनुकीय अहवाल येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तुम्ही सर्व सख्ख्या भावंडांनी एकदा रक्तातील कॅल्शियम आणि अल्ब्युमिन तपासून घ्यावे, आणि कॅल्शियम जरासेही वर आले तर त्याच नमुन्यात पीटीएच मोजायला सांगावे.